साडेपाच मिनिटांची गत

शिवांजलीचा फोन आला तेव्हा विरुपाक्षअप्पा एका मिक्सरच्या पोटात हात घालून बसले होते. सास्तुरात आता रेडिओ कुणी दुरुस्तीला आणत नाही. मिक्सर येतात, पंखे येतात, फार तर शेतातल्या मोटारीचा स्टार्टर. पण दुकानाच्या पाटीवर अजून 'रेडिओ व टेप रिपेअरिंग' असंच आहे. नवी पाटी कुणासाठी रंगवायची, असं अप्पांचं म्हणणं. बायको धुरपदाबाई जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही, आणि गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीवर विचारून येतं.

"काका, पुढच्या सोमवारी बाबांना वर्ष होतंय," शिवांजली म्हणाली. ती सोलापुरात असते, शाळेत शिकवते.

"ध्यानात हाय की गं."

"मठात पूजा अन् प्रसाद ठेवलाय. बाबांच्या पेटीची फीत लावायची म्हणते मी स्पीकरवर. पण स्वामीजी म्हणले, अर्ध्या तासाच्या वर वेळ भेटणार न्हाय. म्हणजे एकच लावता येईल. पहिली लावायची का नंतरची, ते तुम्ही ठरवा. दोन्ही तुम्हीच भरलेल्या हायत."

"त्यात काय ठरवायचं? पहिली," अप्पा म्हणाले आणि मिक्सरचं झाकण बसवायला लागले.

शिवांजलीचा बाप म्हणजे सोमलिंग. सास्तुरात त्याचं किराणा दुकान होतं, आणि गूळ, डाळ, चहापत्ती यांच्या मागं, गल्ल्याच्या फळीखाली, बाजाची पेटी असायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पेटी वर यायची. शिकवणारा गुरू असा कुणी नव्हता. उमरग्याच्या एका भजनी बुवांकडं चार वर्षं जाऊन बसला होता, तेवढंच. पण भीमपलास वाजवायला लागला की तेल आणायला आलेली बाई बाटली तशीच धरून उभी राहायची. मठातल्या सोमवारच्या भजनाला लोहाऱ्याहून माणसं यायची ती भजनासाठी कमी आणि सोमलिंगच्या पेटीसाठी जास्त. विरुपाक्ष त्याचा जिवाचा दोस्त. दोघांचीही दुकानं समोरासमोर, दोघांचाही चहा एका किटलीतला.

त्याच्या पेटीच्या फिती दोनच. पहिली एक्क्याण्णव सालची, उन्हाळ्यातली. विरुपाक्षानं तेव्हा पोस्टानं रेडिओचा कोर्स केला होता, सर्टिफिकेट काच लावून भिंतीवर टांगलं होतं, आणि त्या काचेपेक्षा त्याची मान ताठ होती. सोमलिंगला घरी बोलावून त्यानं मोठ्या टेपवर त्याचा भीमपलास भरून घेतला. लाईट गेलेली होती, म्हणून सेलवर. दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर दुकानात टेप लावला, आणि समोरच्या दुकानातून सोमलिंग तराजू सोडून पळत आला. शेवटची द्रुत गत अशी पळत होती की बोटं दिसू नयेत.

"हे म्या वाजवलं?" सोमलिंग म्हणाला. "एवढं जलद?"

"मग काय माझ्या आज्यानं?"

"अन् सूर चढा का वाटायलाय? आपली पट्टी तर काळी दोन."

"तुझी पेटीच जुनी. चढी हाय ती," विरुपाक्ष म्हणाला. सर्टिफिकेट त्याच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. "मशीन खोटं बोलत नसती, सोमा."

सोमलिंगनं मान डोलावली. यंत्रातलं त्याला काही कळत नव्हतं आणि दोस्ताचा शब्द त्यानं कधी तराजूत घातला नव्हता. विरुपाक्षानं मनगटावरच्या घड्याळावर ती गत मोजली. साडेपाच मिनिटं. मग तिच्या नकला काढल्या, गत संपते तिथं बरोबर कापून, आणि पंचक्रोशीत वाटल्या. साडेपाच मिनिटांची गत म्हणून ती नावाजली गेली. ज्याला सूर आणि सायकलचा पंप यातला फरक कळत नाही, तोही म्हणायचा, सोमलिंगचा हात म्हणजे काय हात.

मग त्र्याण्णव साल आलं, भूकंपाचं. सास्तुरात त्याच्याबद्दल कुणी कुणाला काही सांगत नाही, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. सोमलिंगची पेटी घराखाली गेली, दुकान गेलं, आणि त्याचं उजवं मनगट तुळईखाली आलं. अप्पांच्या कॅसेटींचा पत्र्याचा डबा मात्र चेपून का होईना, मातीतून निघाला.

मनगट बसायला वर्ष गेलं. पुढं कितीतरी वर्षं सोमलिंगनं पेटीला हात लावला नाही. नव्या गावठाणात अप्पांच्या समोरच नवं दुकान टाकलं, पोरीला शिकवलं. मग एक पेटी घेतली आणि कुणाला कळू न देता पहाटे रियाज करायला लागला. असं पाच-सहा वर्षं चाललं. दोन हजार अकरामध्ये एक दिवस तो अप्पांच्या दुकानात येऊन म्हणाला, "पोरीनं छोटं रेकॉर्डर आणलंय. तू भर. तुझ्याशिवाय कुणापुढं वाजवायचा धीर होत न्हाय."

तोच भीमपलास, तीच शेवटची गत. ती थांबली तेव्हा सोमलिंगनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि दोस्ताकडं बघितलं. आता एवढ्या वर्षांनी वाजवणाऱ्या माणसाला नुसतं 'वा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अप्पांना आपल्या कानाचा आणि आपल्या खरेपणाचा फार तोरा. त्यांनी परत घड्याळ लावलं होतं.

"चांगलं वाजीवलंस," ते म्हणाले. "पण सोमा, खरं सांगू का? त्या कॅसेटीतला हात न्हाय राहिला. साडेपाच मिनिटाची गत सव्वासहाला गेली."

"व्हय," सोमलिंग म्हणाला. "मनगट गेलं त्यातच गेलं असंल."

त्यानं भात्याची कडी लावली, पेटी उचलली, आणि पुढच्या सोमवारी ती मठाला देऊन टाकली. भांडण झालं नाही. सोमलिंग पुढंही चहाला येत राहिला, पावसापाण्याचं बोलत राहिला, पण पेटीचा विषय निघाला की उठून जायचा. दोन वर्षांनी तो पोरीकडं सोलापूरला राहायला गेला, आणि समोरच्या दुकानात मोबाईलचं रिचार्ज करणारा आला. धुरपदाबाई होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. ती गेल्यावर अप्पा पंख्यांशी बोलायला लागले. "काय रे, तुला काय धाड भरली?" असं पंख्याला विचारायचे. पंखा काही उलट बोलत नाही, हा त्याचा एक गुण.

तर पहिली फीत लावायची ठरली. घरातली नक्कल वाजवून वाजवून घासली होती, म्हणून अप्पांनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला आणि मूळ कॅसेट शोधली. ती इतक्या वर्षांत कधी लावलीच नव्हती. जपून ठेवलेली वस्तू आपल्याकडं वापरायची नसते. लोहाऱ्यातला मोबाईलवाला पेनड्राइव्हवर घालून देणार होता, पण त्याआधी ती धड चालते का बघायला हवं. अप्पांनी जुन्या टेपचा बेल्ट बदलला, हेड पुसलं, आणि दुपारचा चहा बशीत ओतून ऐकत बसले.

गत संपली. एरवी इथंच बटण दाबलं गेलं असतं, पण हातात बशी होती. फीत तशीच फिरत राहिली. भात्याची कडी लागल्याचा आवाज आला, कुणीतरी खाकरलं, आणि मग एक बाई म्हणाली:

"झालं का? बंद करा की मग. सेल संपले तर परत मलाच माडीवर उन्हात मांडायला लावताल."

अप्पांच्या हातातली बशी कलंडली. धुरपदाबाई होती ती. गावातल्या निम्म्या लोकांचा आवाज या माणसानं भरून ठेवला होता, सरपंचाचं भाषण, शाळेतली प्रभातफेरी, कुणाच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरंसुद्धा, आणि स्वतःच्या बायकोचा आवाज भरावा असं त्याला कधी सुचलं नव्हतं. ती गेल्यावर ही चूक ध्यानात आली तेव्हा सहा वर्षांत त्यांनी स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. आणि आता ती इथं होती, रागावलेली, जशी नेहमी असायची तशी. अप्पा लहान लेकरासारखे रडले. मग फीत मागं घेऊन परत ऐकलं. परत रडले.

चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. शब्द तिचे, खटका तिचा, पण आवाज तिचा नव्हता. धुरपदाबाईचा आवाज जाडाभरडा. गल्लीच्या या टोकाहून तिनं हाक मारली की त्या टोकाची कुत्री उठायची. लग्नाच्या दिवशी नाव घेतलं तेव्हा मांडवातल्या बाया हसल्या होत्या. आणि हा आवाज बारीक, घाईघाईचा, एखाद्या शाळकरी पोरीसारखा. अप्पांनी दुसरी एक विकतची भजनाची कॅसेट लावून बघितली. ती ठीक चालली. म्हणजे टेपात बिघाड नव्हता. दुसऱ्या कुणाची कॅसेट असती तर इथंच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण त्या घडीला डोक्यात फक्त बायको होती, आणि ती नीट बोलत नव्हती.

टेपच्या मोटारीला मागं एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो पिळला की मोटार हळू किंवा जलद होते. अप्पांनी घड्याळजीचा पेचकस घेतला, चष्मा वर ढकलला आणि स्क्रू केसभर पिळला. ऐकलं. परत केसभर. फीत मागं, पुढं, मागं. आवाज जाड होत गेला, शब्दांना वजन यायला लागलं. एकदा जास्त पिळला गेला आणि धुरपदाबाई एखाद्या म्हाताऱ्या बुवासारखी बोलली. अप्पा स्वतःशीच हसले आणि जरा उलटा फिरवला. आणि मग ती आली. अगदी तीच, ओट्यावरून पदर खोचून बोलल्यासारखी. "परत मलाच माडीवर उन्हात मांडायला लावताल." अप्पांनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून ते एक वाक्य किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. दुकानात कुणी आलं नाही. आलं असतं तरी त्यांनी हाकलून दिलं असतं.

शेवटी एकदा बटण जास्त वेळ दाबलं गेलं आणि फीत फार मागं गेली. गत सुरू झाली.

पहिल्या दोन आवर्तनांतच अप्पा ताठ बसले. ही गत त्यांनी ऐकलेली होती. पण कॅसेटवर नाही. दोन हजार अकरामध्ये, याच गावात, याच कानांनी. तीच लय, तीच सम गाठायच्या आधी अर्धा श्वास थांबायची सवय. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि फीत परत गतीच्या सुरुवातीला आणली. सहा मिनिटं दहा सेकंद. मग मोबाईलवर शिवांजलीनं पाठवलेली नंतरची फीत काढली. सहा मिनिटं बारा सेकंद. दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या. सूर एकच. काळी दोन.

जुनी पेटी चढी नव्हतीच. सोमलिंगचा हात कुठं गेलाच नव्हता.

त्या काळात सेल महाग. दमलेले सेल फेकून न देता बाया ते छपरावर, माडीवर उन्हात मांडायच्या, पापड-कुरडयांच्या शेजारी. तापले की दोन-तीन तास परत जीव धरायचे. पण तसल्या सेलवर मोटार सुरुवातीला बरी फिरते आणि मग दमत जाते, आणि दमल्या मोटारीवर भरलेलं वाजवणं दुसऱ्या दिवशी विजेवर लावलं की पळतं. शेवटाकडं जास्तच पळतं. सगळं गाव ज्याला सोमलिंगचा चढत गेलेला हात म्हणत होतं, ते धुरपदाबाईनं वाळवलेल्या सहा सेलचं संपत जाणं होतं. आणि पोस्टानं कोर्स केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांच्या कॅसेटी पळाल्या की हेच अप्पा गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "उतरलेल्या सेलवर भरलंय तुम्ही." आपल्या कॅसेटीला मात्र त्यांनी तसं कधी तपासलं नाही. असा हात आपण भरून ठेवला, या गोष्टीचा मोठेपणा त्यांना सोडवत नव्हता. हे त्यांनी त्या दुपारी स्वतःशी कबूल केलं, आणि ते कबूल करताना त्यांना स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिवांजलीला फोन लावला.

"नंतरची लाव," ते म्हणाले.

"काका, तुम्हीच तर जन्मभर पहिलीचं कौतुक केलं."

अप्पांनी सगळं सांगितलं. सेल, स्क्रू, मिनिटं, सेकंद. धुरपदाबाईच्या आवाजाचंही सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. मग शिवांजली हळू म्हणाली, "बाबा इथं काय करायचे ठाऊक हाय का काका? दुपारी मी शाळेतनं यायच्या टायमाला ती पहिली कॅसेट लावायचे आणि खाटंच्या कडेवर बोटं चालवायचे. तिच्याबरोबर जायला बघायचे. सुरुवातीला जमायचं, अन् शेवटाला मागं पडायचे. मग बंद करून म्हणायचे, विरुपाक्ष खरं बोलला, हात गेला आपला. मरायच्या आदल्या महिन्यापर्यंत."

अप्पांना वाटलं ही आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबांना हे कळायला पाहिजे होतं, काका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी मठात पन्नासेक माणसं होती. पूजा झाली, विभूती लावून झाली. स्वयंपाकाकडून हुग्गीचा गोड वास यायला लागला होता आणि गव्हाची ती खीर पानात कधी पडते याकडं बऱ्याच जणांचं ध्यान होतं. शिवांजलीनं स्पीकर जोडला आणि अप्पांकडं बघितलं. ते काठी टेकून उठले. घरून पाठ करून आले होते तरी बोलताना जीभ अडखळली. सोमलिंगची साडेपाच मिनिटांची गत ही आपल्या टेपची चूक होती, त्याचा खरा हात नंतरच्या फितीत आहे, आणि तो गेला असं आपण त्याला सांगितलं, ते खोटं होतं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. हात जोडले.

मग पुढं बसलेले श्रीशैल सावकार समजुतीच्या सुरात म्हणाले, "अप्पा, एवढं काय मनाला लावून घेताव? पेटी ती पेटी. दोन्ही चांगल्याच की." चार माना डोलल्या. मागं कुणीतरी विचारलं, काय झालं म्हणे? दुसरा म्हणाला, काय न्हाय, कॅसेटीचं काय तरी.

अप्पा खाली बसले. माणसांनी आपल्याला फाडून खावं अशी तयारी करून ते आले होते आणि लोकांनी त्यांना माफ करून टाकलं, काय माफ केलं ते न विचारता. सगळ्या मठात, सगळ्या गावात, हे ऐकून ज्याचं काही बदललं असतं असा एकच माणूस होता, आणि सोलापूरहून आणून लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरलेला तो मठामागच्या जमिनीत वर्षभर बसून होता.

शिवांजलीनं बटण दाबलं. भीमपलास सुरू झाला, सावकाश, आपल्या चालीनं. आज अप्पांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. शेवटची गत आली, सम गाठायच्या आधी ती अर्धा श्वास थांबली, आणि मग समेवर येऊन बसली. तेव्हा अप्पा पन्नास माणसांत मोठ्यानं म्हणाले, "सोमा, हात तसाच हाय रं."

शेजारच्यानं वळून बघितलं. पानं मांडायला सुरुवात झाली होती.